सोनाजीची तिसऱ्या दिवसाची फेरी

ते भांडण निर्मलाबाईनं कुडाच्या आडून ऐकलं होतं. साल ब्याण्णव, दसरा होऊन चार दिवस झालेले. तव्यावर भाकर, हात पिठात, आणि बाहेर ओट्यावर तिचे सासरे किसनसिंग नाईक अन् सेनगावचा रेडिओ दुरुस्त करणारा सोनाजी, दोघांची जुंपलेली.

"रेडिओ कोणाचा?" सासरे विचारत होते.

"तुमचा, नाईक."

"त्याच्यावरचं कुंकू कोणाचं?"

"तेबी तुमचंच."

"मग पुसलंस कोणाला इचारून?"

सोनाजीनं सरळ सांगितलं की कुंकू बटनाच्या फटीतून आत उतरलं होतं, म्हणून रेडिओ खरखर करत होता. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं तेव्हा कुठं आवाज मोकळा झाला. म्हाताऱ्याला ते पटलं नाही. खंडेनवमीला पुजलेली वस्तू, तिचं कुंकू आपोआप झडावं, कोणी पुसू नये, असा त्यांचा कायदा. बोलता बोलता ते म्हणून गेले, "तुला काय कळतं कुंकवाचं."

शब्द चारच, पण ओट्यावरच्या सगळ्यांना त्याचं वजन ठाऊक. सोनाजीच्या आईनं छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच करंडा घराबाहेर काढला होता.  त्यानं पाना-पेचकस एक एक करून रेक्झिनच्या पिशवीत भरले, चेन ओढली आणि आवाज न चढवता म्हणाला, "बराबर हाय. मला कुंकवातलं कळत न्हाई. इथून पुढं तुमच्या घरच्या कुंकवाला मी बोट लावणार न्हाई. मशीनला तेवढं लावीन."

आतमध्ये निर्मलाबाईची भाकर करपली. कारण ओल्या बोटानं त्या बटनावर कुंकू दाबून लावणारी तीच होती. चांगलं थापून लावलं होतं, देवाला कमी पडू नये म्हणून. बाहेर जाऊन एवढंच म्हणायचं होतं की चूक माझ्या बोटाची. पण सासऱ्यापुढं सुनेनं तोंड उघडायचं म्हणजे तांड्यात वर्षभर पुरेल एवढा विषय. तिनं चहा ठेवला. सोनाजीच्या कपात साखर एक चमचा जास्त पडली. पडली म्हणजे तिनंच टाकली.

लोकांना वाटलं, हा आता तांड्याची वाट विसरला. पण तिसऱ्या दिवशी सायकलची घंटी वाजली. सोनाजी ओट्यावर बसला, रेडिओला कान लावला, बंद केला, चालू केला, परत कान लावला. "चालून राहिला ना?" म्हणाला. किसनसिंगनं मान हलवली. भांडणाबद्दल एकानंही चकार शब्द काढला नाही. साखर परत जास्त.

ही तिसऱ्या दिवसाची फेरी म्हणजे सोनाजीची जगावेगळी तऱ्हा. काहीही दुरुस्त करो, तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बघणार. त्याचे पैसे वेगळे नाहीत, कोणी बोलवायचं नाही. सेनगावात लोक टर उडवायचे की माणूस मेल्यावर तिसऱ्याला पाहुणे येतात, अन् मशीन जगल्यावर सोनाजी. तो हसायचा. त्याचं म्हणणं असं, की मशीन पहिल्या दिवशी लाजेखातर चालतं, दुसऱ्या दिवशी सवयीनं, अन् तिसऱ्या दिवशी खरं बोलतं.

बाप सालगडी होता. सोनाजी आठवी करून हिंगोलीला एका रेडिओवाल्याच्या हाताखाली तीन वर्षं राहिला आणि परत येऊन सेनगावच्या बसस्टँडजवळ पत्र्याची टपरी टाकून बसला. आधी रेडिओ, मग टेप, मग काळा-पांढरा टीव्ही. जमाना बदलला की तो टपरीवरची पाटी खरडून नवीन रंगवायचा. पंचेचाळिशी उलटल्यावर पाटीवर 'कंप्युटर' लिहायचं मनात आलं, पण आधी शिकल्याशिवाय लिहिणार नाही म्हणून दर रविवारी हिंगोलीला क्लासला जायला लागला. क्लासात सोळा-सतरा वर्षांची पोरं, अन् पहिल्या बाकावर हे चष्मेवाले काका. त्याची बायको कमलबाई म्हणायची, "लेक कालेजात गेली अन् बाप पहिलीत बसला." लेक ऐश्वर्या पुढं नांदेडला नर्स झाली. बापानंही पाटी रंगवली.

निर्मलाबाईला हे सगळं माहीत असायचं कारण तिला इचारायची खोड. शाळा दुसरीपर्यंत. अक्षरं जुळवायला वेळ लागायचा, आकडे मात्र पक्के. तांड्यात कोणी काही उघडून बसलं की ही पदर सावरून शेजारी हजर. हे काय, ते कशाला, हे काढलं तर काय होतं. किसनसिंग होते तोवर दारामागून बघायची; ते अठ्ठ्याण्णवला गेले, तेव्हापासून बाजूला बसून बघायला लागली. बाकीच्या मेकॅनिकांना असा पहारा आवडत नसे. सोनाजीला आवडायचा. तो उत्तरं द्यायचा, अन् तिला समजेल अशी द्यायचा.

आता कंप्युटर. दोन हजार सात साली निर्मलाबाईच्या मुलानं, प्रेमसिंगनं, हिंगोलीहून जुना कंप्युटर आणला. त्याची लेक निता कालेजात कंप्युटरच शिकत होती, अन् तांड्यातली त्या कालेजात गेलेली ती पहिलीच पोरगी. जीपमध्ये मधल्या सीटवर निता, तिच्या मांडीवर टीव्हीसारखा पडदा, अन् मागं पोत्यांत दाबून ठेवलेली पेटी. कनेरगाव नाक्याच्या एका माणसाच्या सोयाबीनच्या पोत्यानं त्या पेटीची पाठ दाबली. मागची दोन चपटी भोकं, ज्यात वायरी खोवतात ती, चेपून गेली. सोनाजीनं बघितलं, ती दुरुस्त होणार नाहीत म्हणाला, अन् चुकून कोणी काही खुपसू नये म्हणून त्यांच्यावर चिकटपट्टी मारली. बाकी उंदीर म्हणतात तो माऊस, टायपायची बटनं, सगळं गोल भोकांतून चालत होतं. पेटीच्या पुढच्या बाजूला, चालू करायच्या बटनाच्या खाली, तशीच दोन चपटी पण धड भोकं होती. त्यांचं काही काम पडलं नाही.

पडलं नाही म्हणजे नितासाठी. निर्मलाबाईसाठी पडलं. दोन हजार आठच्या दसऱ्याला खंडेनवमीची पूजा मांडली तेव्हा कोयता, विळा, पंप अन् सोबत कंप्युटर. बैलाची पूजा करताना कपाळाला लावतो, नाकाला हात लावतो. या पेटीचं कपाळ कुठलं, नाक कुठलं? खाली दोन भोकं शेजारी शेजारी दिसली. तिनं ओलं कुंकू घेऊन दोन्हींत एकेक बोट दाबलं. वर हळद. नंतर हात जोडले अन् विसरली.

नऊ साली एप्रिलात, एका बुधवारी दुपारी, निता काम करत असताना वीज गेली. जाणं काही नवीन नव्हतं. तेव्हा वीज दुपारी एकला यायची अन् पाचला जायची, अन् मधूनच जायची ती वेगळी. पण या खेपेला वीज परत आली अन् कंप्युटर आला नाही. काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ. निता वाचून म्हणाली, "फाईल सापडत न्हाई म्हणून राहिलं." अन् तिथंच खाली बसली.

तिचं शेवटचं वर्ष. सहा महिने खपून तिनं एक प्रोग्राम बनवला होता. शाळेतल्या पुस्तकांपैकी कोणतं पुस्तक कोण घेऊन गेलं, परत केलं का नाही, ते कंप्युटर सांगणार. निर्मलाबाईनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं, माझा विळा कोण घेऊन गेलं तेबी सांगंल का? तर ते सगळं त्या पेटीत. सीडी काढून ठेवायची होती, पण सीडीचं तोंड फेब्रुवारीपासूनच उघडत नव्हतं. सोमवारी हिंगोलीला बाहेरगावचे परीक्षक येणार. दाखवलं तर पास, अन् पास झाली तर जवळा बाजारच्या शाळेत जूनपासून कंप्युटर शिकवायची जागा तिची, असं हेडमास्तरांनी सांगितलेलं. नाही दाखवलं तर वर्ष गेलं, अन् जागा कोणासाठी थांबत नसते.

प्रेमसिंग गुरुवारी सकाळी हिंगोलीला जाऊन आला. तिथला एक दुकानदार म्हणाला, आणून टाका, आठ दिवस लागतील, सगळं पुसून नवीन भरून देऊ. पुसून म्हटल्यावर निता जेवली नाही.

दुपारी सोनाजी आला. त्याचे दिवस तेव्हा आवरायचे होते. हात थरथरायला लागला होता, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. ऐश्वर्यानं नांदेडला बोलवलं होतं. टपरी विकून झाली होती, स्वतःचं मशीन शाळेला दिलं होतं, अन् येत्या मंगळवारी सामानाचा टेम्पो ठरला होता. तरी बोलावल्यावर सायकलवर पिशवी अडकवून आला. पेटीला कान लावला. "श्वास घेऊन राहिली," म्हणाला. "उठायचं कसं तेवढं विसरली."

मग त्यानं खिशातून अंगठ्याएवढी एक डबी काढली. तिला पेनड्राइव्ह म्हणतात. निर्मलाबाई पुढं सरकली. ही काय, हिच्यात काय? त्यानं समजावलं की घरचा कारभारी आजारी पडला, त्याला कुलूप उघडता येईना, म्हणून घरातलं सामान काय गेलेलं नसतं. या डबीत एका दिवसापुरता परका कारभारी बसवून आणलाय. तो दार उघडील, निताचं काम उचलून बाहेर देईल, मग सावकाश आपल्या कारभाऱ्याला औषधपाणी करू.

डबी पुढच्या भोकात खोवली. जराशी अडली, मग गेली. पेटी चालू केली. तीच पांढरी ओळ.

सोनाजीनं बंद करून परत चालू केली अन् एक बटन दाबत राहिला. निळा पडदा आला. त्यावर ओळी. आत एक यादी असते, म्हणाला, पेटीनं उठताना आधी कोणाची हाक ऐकायची अन् मग कोणाची. सध्या ती घरच्या आजारी कारभाऱ्यालाच आधी हाक मारून राहिली.

हे निर्मलाबाईला लगेच समजलं. सासरे सांगायचे, त्यांच्या आज्याच्या काळी तांड्याचे बैल मिठाची, धान्याची पोती वाहायचे, पाच-पाचशे बैलांची रांग. म्होरच्या बैलाच्या गळ्यात घंटा. तो बसला की सगळी रांग उभी. मग घंटा सोडून दुसऱ्याच्या गळ्यात बांधायची.

"बस, तेच," सोनाजी म्हणाला. "घंटा इकडून तिकडं."

त्यानं यादी बदलली. परत चालू केलं. पांढरी ओळ. परत निळा पडदा उघडला तर यादी होती तशी. घंटा पुन्हा आजारी बैलाच्याच गळ्यात.

सोनाजी चष्मा पुसत बसला. निर्मलाबाईचं आपलं चालूच, पडद्यावरचे आकडे वाचणं. एस.टी.च्या पाट्या वाचून इंग्रजी आकडे तिला येत होते. तिनं विचारलं, "भाऊ, हे दोन हजार दोन काहून लिहिलंय? आता तर नववं चालू हाय."

त्यानं पडद्याला नाक लावून बघितलं. पेटीला सात वर्षांआधीची तारीख वाटत होती. म्हणजे आतला सेल संपलेला, रुपयाएवढा असतो तो, त्याच्या जिवावर पेटी बंद असताना गोष्टी ध्यानात ठेवते. सेल मेला की वीज गेल्यावर पेटी सगळं विसरणार. "वयनी," तो म्हणाला, "तुमी दुसरी न्हाई, दहावी शिकायला पाहिजे व्हती." तेवढ्यात पाच वाजले अन् वीज गेली.

शुक्रवारी तो सेल घेऊन आला. येताना बसस्टँडसमोरच्या झेरॉक्सवाल्याच्या कंप्युटरमध्ये पेनड्राइव्ह लावून बघून आला होता. तिथं पहिल्या फटक्यात परका कारभारी उठून बसला. ज्यात सगळं साठतं ती पेटीच्या आतली हार्डडिस्कच काढून त्या मशीनला लावावी, हेही त्याच्या डोक्यात आलं होतं, पण ते मशीन नवीन, ही डिस्क जुनी, दोन्हींच्या वायरी वेगळ्या. म्हणजे काम इथंच करायचं. सेल बसवला, तारीख टाकली, यादी बदलली. आता यादी टिकली. पण त्या यादीत पेनड्राइव्हचं नावच येईना. घंटा बांधायची तर बैल दिसायला पाहिजे. त्यानं निळ्या पडद्यावरचं एक एक पान उघडून बघितलं, पेनड्राइव्ह ओळखायचं बटन बंद होतं का ते पाहिलं. चालूच होतं. दुसऱ्या भोकात लावून बघितलं. पांढरी ओळ. वीज गेली. निता दाराशी उभी राहून बघत होती, अन् सोनाजीनं त्या दिवशी चहा अर्धा ठेवला.

शनिवार उजाडला. एक वाजता वीज आली तेव्हा सोनाजी आधीच ओट्यावर येऊन बसलेला. त्यानं डबी खोवली, पडदा बघितला, डबी काढली. परत खोवली. निर्मलाबाई बाजूला तांदूळ निवडत होती. तिचं लक्ष तांदळात नव्हतं. तीन दिवसांत तिनं एक गोष्ट टिपली होती. दर खेपेला डबी काढली की सोनाजीचं बोट त्या भोकाकडं जायचं, वीतभर अंतरावर थांबायचं, अन् माघारी यायचं. चटका बसल्यासारखं. हात थरथरतो म्हणून असंल, तिला आधी वाटलं. पण थरथरणारा हात कुठंही थरथरतो. हा बराबर तिथंच थांबत होता.

तिनं विचारलं, "भाऊ, झेरॉक्सवाल्याकडं ही डबी लावली तेव्हा काय झालं, सुरुवातीपासून सांगा."

"काय व्हायचं? खोवली, हिच्या शेपटीतला बारीक दिवा लागला, अन् पडद्यावर नाव आलं."

"हितं दिवा लागला का?"

सोनाजी डबी पुसत राहिला.

"न्हाई लागला," तीच म्हणाली. "तीन दिवसांत एकदाबी न्हाई. म्हणजे बैल दारातच आला न्हाई. तुमी आत घंटा घेऊन उभे, अन् बैल दाराबाहेर. मग दारातच काही अडकलं असंल ना?"

"असंल," तो म्हणाला, अन् उठून पिशवीची चेन ओढायला लागला. मग निताकडं वळून म्हणाला, की पोरी, माझा इलाज इथवरच. तुझ्या बापाला सांग, आजच्या आज हिंगोलीला न्यावं, त्यांच्या हातापाया पडावं, पुसू नका म्हणावं.

निताचा चेहरा बघवत नव्हता. निर्मलाबाईनं सूप खाली ठेवलं. गुडघे धरत पेटीसमोर बसली अन् त्या दोन भोकांकडं वाकून बघितलं. काठांवर लाल पापुद्रे. आत लाल, घट्ट, वाळून खडक झालेलं. कपाळ कुठलं अन् नाक कुठलं म्हणून शोधणारं आपलंच बोट तिला आठवलं. अन् मग ओटा आठवला, करपलेली भाकर आठवली, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आठवला. आत्ता ओढली तशीच.

"सोनाजीभाऊ, तुमाला पहिल्या दिवशीच दिसलं व्हतं."

"दिसलं व्हतं. पण सेल खरंच मेला व्हता. वाटलं, तेवढ्यावरच भागंल."

"मग कालच काहून न्हाई पुसलं?"

"मी बोललो व्हतो, वयनी. तुमच्या घरच्या कुंकवाला बोट लावणार न्हाई."

"मामंजीला जाऊन अकरा वर्षं झाली."

"त्यांनी तो शब्द माघारी दिला न्हाई. मी मागितलाबी न्हाई." तो पिशवीकडं बघत म्हणाला, "अन् दुसऱ्याच्या घरात जाऊन तुमचं कुंकू पुसा म्हणून कसं सांगावं माणसानं? एकदा सांगून बघितलं ना."

निता दोघांकडं बघत राहिली. तिला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. ती तेव्हा तीन-चार वर्षांची होती.

निर्मलाबाईनं आजूबाजूला बघितलं. सासरे नव्हते, दारामागं उभं राहायची गरज नव्हती, तरी तिनं पदर सावरला. ती म्हणाली, "रेडिओला कुंकू मी लावलं व्हतं. ओल्या बोटानं, बटनातच दाबलं व्हतं. चूक माझी, बोलणी तुमी खाल्ली. मी आत बसून ऐकलं अन् बाहेर आले न्हाई."

सोनाजीनं चष्मा काढला.  मग तो सावकाश म्हणाला, "तरीच."

"काय तरीच?"

"सतरा वर्षं या घरचा चहा एवढा गोड काहून लागतो, ते मला आज कळलं. मला वाटायचं, बाई मापात कच्ची हाय."

निर्मलाबाईला हसू आलं अन् तिनं पदर तोंडाला लावला, पण हसायला वेळ नव्हता, पाचला वीज जाणार होती. ती म्हणाली, माझं कुंकू मी लावलं, मीच काढते, तुमी फक्त सांगा कसं. सोनाजीनं पिशवीची चेन उघडली. दात घासायचा जुना ब्रश काढला, स्पिरिटची बाटली काढली, निताला म्हणाला, आधी मागची वायर काढ. काडी बारीक तासून निर्मलाबाईच्या हातात दिली. लोखंडाचं काही घालायचं नाही, आत पितळी पट्ट्या असतात, त्या वाकल्या की संपलं. दातातलं काढतो तसं काढा, घाई करू नका. त्याचे हात पाठीमागं बांधलेले. ती खरवडत गेली, पेटी तिरकी धरून निता खाली कागद धरून बसली. लाल भुकटी पडत गेली. एका भोकातली एक पट्टी गंजून गेली होती, ते भोक गेलं. दुसऱ्यातल्या चारही पट्ट्या ब्रश फिरवल्यावर चमकल्या. भुकटीचा कागद निर्मलाबाईनं घडी घालून तुळशीत ठेवून दिला, तेवढं सासऱ्यांसाठी.

स्पिरिट वाळेस्तोवर सोनाजीनं कोणाला हात लावू दिला नाही. घड्याळात सव्वातीन झाले. मग डबी निर्मलाबाईच्याच हातात दिली. तिनं खोवली. या खेपेला ती अडली नाही. नितानं बटन दाबलं.

डबीच्या शेपटीत बारीक निळा दिवा लागला.

यादीत नाव आलं. सोनाजीनं त्याच्या गळ्यात घंटा बांधली. पडदा काळा झाला, तसाच राहिला, अन् मग पांढऱ्या ओळी पावसासारख्या वरून खाली पळायला लागल्या. निर्मलाबाई विचारत होती की हे काय बोलून राहिलं, अन् सोनाजी म्हणाला की परका कारभारी घर बघून राहिला, बघू द्या. साडेतीनला निताचं काम सापडलं. जसंच्या तसं. ते उचलून डबीत ठेवलं. साडेचारपर्यंत घरच्या कारभाऱ्याचीही मलमपट्टी झाली अन् पेटी डबीशिवाय उठायला लागली.

निघताना निर्मलाबाईनं विचारलं, "भाऊ, येत्या दसऱ्याला कुंकू कुठं लावू? तुमीच जागा दाखवा."

सोनाजीनं पेटीच्या वरच्या पत्र्यावर, मागच्या कोपऱ्यात, खडूनं एक गोल काढला. "हितं. कोरडं. अन् चिमूटभर."

सोमवारी निता डबी घेऊन हिंगोलीला गेली. परीक्षकांनी प्रोग्राम चालवून बघितला, दोन गोष्टी उलटसुलट विचारल्या, अन् पुस्तक हरवलं तर काय, असं विचारलं. निता म्हणाली, घरातल्या माणसांना विचारायचं, बहुतेक तिथंच सापडतं. ते हसले. सही झाली.

मंगळवारी सकाळी सेनगावात सोनाजीच्या दारात टेम्पो उभा होता. पलंग, कपाट, भांड्यांची पोती चढवून झाली होती. कमलबाई पुढच्या सीटवर मांडीवर देव्हाऱ्याएवढी एक पेटी घेऊन बसली होती. त्यात बुद्धाची मूर्ती, वर टॉवेल. ड्रायव्हर घाई करत होता. कमलबाईनं त्याला सांगितलं, थांब जरा, आमच्या माणसाचा आज तिसरा दिवस हाय. ड्रायव्हरनं घाबरून विचारलं, कोणाचा? ती म्हणाली, एका कंप्युटरचा.

तांड्यावर घंटी वाजली. सायकल नेहमीच्या खांबाला टेकली. सोनाजी ओट्यावर चढला, पेटीला कान लावला. बंद केली, चालू केली. परत बंद केली, परत चालू केली. तारीख बघितली, दोन हजार नऊ. "चालून राहिली ना?" त्यानं विचारलं. निता म्हणाली, व्हय काका. तिनं डबी त्याच्या हातात दिली. त्यानं ती पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात ठेवली, पेचकस आहे का बघितलं, चेन ओढली.

निर्मलाबाईनं चहा आणला. कपात आज मापाची साखर होती, एक चमचा, वर काही नाही. सोनाजीनं एक घोट घेतला, कपात बघितलं.

"वयनी, साखर कमी पडली."

ती आत गेली अन् डबा घेऊन आली. त्यानं चहा संपवला, कप उपडा ठेवला, सायकल काढली. रस्त्याला लागेपर्यंत हँडलला अडकवलेली पिशवी गुडघ्याला लागत होती, तेव्हा त्यानं ती नेहमीसारखी मागं कॅरिअरला बांधली, अन् टेम्पोकडं निघाला.